दिवसाला एक वाटी फळं

३ डिसेंबर, मंगळवार
दौंडहून आत्ता आलो. चार तास डायलिसिसच्या मशीनवर, वर येता-जाता उसाच्या ट्रॉल्या. यांचं पोटॅशियम ५.९. डॉक्टर म्हणाले, पाचच्या आसपास आणा, हृदयाला धोका आहे.

आहाराच्या मॅडमनी फळांच्या यादीवर लाल पेनानं काट मारायला घेतली. केळं. संत्रं. मोसंबी. चिकू. डाळिंब. सीताफळ. आवळा. शहाळं. उरलं काय, तर सफरचंद, पपई, पेरू. तेही सगळं मिळून दिवसाला एक छोटी वाटी. "वाटी कुठली ते ठरवा ताई, आणि तीच ठेवा." हे म्हणाले, "माकडाला बी ह्याच्यापेक्षा जास्त मिळतंय." मॅडम हसल्या. मला हसू आलं नाही.

घरी येऊन बघते तर फ्रीजवर दोन डझन केळी, सफरचंदाची पिशवी, चार शहाळी. मधल्या वेळात कोण कोण भेटून गेलं. आजाऱ्याकडं मोकळ्या हातानं जाऊ नये म्हणतात. शहाळी आणणारा सांगून गेला म्हणे, "ह्यानं किडनी धुऊन निघती." डोकं फुटायची वेळ आली माझी. दाराला पाटी लावावी, फळं आणू नयेत म्हणून. पण लावली तर गावभर होईल, बाईला माज आलाय.

४ डिसें., बुध.
अंगणवाडीत माता बैठक. विषय वरूनच आलेला: थंडीतल्या फळांचं फ्रूट सॅलड. आता काय बोलायचं!

मंदानं (माझी मदतनीस, हाताला फार चपळ) पेरू, पपई, संत्री, बोरं कापून परातीत घातली, वर डाळिंबाचे दाणे आणि आवळ्याचा कीस. परात नुसती बघत बसावी अशी दिसत होती. सोळा बायका, त्यातल्या पाच गरोदर. मी सांगत होते: पेरूत संत्र्यापेक्षा क जीवनसत्त्व जास्त. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी आणि वर ही फळं खाल्ली तर भाजीतलं लोह अंगी लागतं. पपई डोळ्यांना चांगली, पण गरोदर बायांनी पिकलेलीच घ्यायची, कच्ची नाही. कापल्या कापल्या खायचं, ठेवून द्यायचं नाही. थंडीत फळानं कफ होतो हे खरं नाही. आणि कुठलंही पाकीट घेतलं की उलटं करून मागचं वाचायचं. सगळं तोंडपाठ. बोलत होते आणि प्रत्येक फळावर मला ती लाल काट दिसत होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

घरी आले तर यांनी विचारलं, "आज काय काय कापलं?"
"काही नाही, रजिस्टरं भरत होते."
"हाताला संत्र्याचा वास येतोय की."
मोरीत जाऊन साबणानं पुन्हा हात धुतले. रडले थोडी.

५ डिसें., गुरु.
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. या वर्षी व्रत यांच्यासाठी धरलंय. देवीपुढं कधी काही मागितलं नव्हतं, आता मागतेय. कलश, पाच झाडांच्या डहाळ्या, पाच फळं. पोथी वाचली.

आरती झाली आणि मी नैवेद्याचं ताट करायला आत गेले, तेवढ्यात आत्यांनी (सासूबाईंनी) पाटावरचं केळं सोलून लेकाच्या तोंडात फोड घातली. मी बाहेर आले तर हे चावत होते आणि आत्या माझ्याकडं बघत होत्या.
"आत्या, केळं विष आहे त्यांना! सांगितलंय ना मी?"
"परसाद हाय. देवाच्या परसादानं कुणाला काय झालंय व्हय?"
"रक्ताला कळत नाही प्रसाद कुठला आणि बाजारातलं कुठलं."
"तुला लई कळतंय."
हे मधल्या मधे गिळून मोकळे. वर म्हणतात, ग्वाड व्हतं.

६ डिसें., शुक्र.
दौंड. पो. ६.०. फोडीचं डॉक्टरांना सांगितलं नाही. का नाही सांगितलं? आत्यांना पाठीशी घालायचं म्हणून नाही. अंगणवाडीच्या बाईच्या घरात असं चालतं हे कळू नये म्हणून.

७ डिसें., शनि.
जेवत नाहीत. अळणी वरण, अळणी भाजी, तीही दोन पाण्यांत उकळून पाणी फेकलेली. "चोथा हाय ह्यो," म्हणतात, आणि खरंच चोथा आहे, मी खाऊन बघितला. वजन एकावन्न. पाटसला कारखान्याच्या वजनकाट्यावर एकोणीस वर्षं काढली यांनी, ट्रॉली नुसती बघून टन सांगायचे. आता स्वतः काट्यावर उभे राहतात आणि आकड्याकडं बघत नाहीत.

आज अर्धी भाकरी खाल्ली, ओकून टाकली. पडल्या पडल्या म्हणाले, "लग्नातलं पिवळं फ्रूट सॅलड असतंय न्हवं, पुरीसंगट? त्याच्यावर मरावं वाटतंय."
मी म्हटलं, "मरायचं काय काढलंय सारखं?" आणि आत जाऊन माझं ताट भिंतीवर मारलं. भात अजून खिडकीला चिकटलाय. मला काही सुचत नाही. माणूस माझ्या डोळ्यादेखत संपत चाललाय आणि माझ्या हातात एक याद्यांचा कागद.

९ डिसें., सोम.
शिरूरला प्रकल्प कार्यालयात मीटिंग. दुपारी सुटले ती बाजारात गेले. मोठ्या दुकानात मिठाची पाकिटं बघत उभी राहिले तर एकावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, कमी सोडियम. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मॅडम दर वेळी हेच म्हणतात, सोडियम कमी करा. हे मीठ कुणी आधी सांगितलं का नाही!

घरी येऊन तीच ठरलेली आमटीची वाटी घेतली. पेरू बिया काढून, पपईच्या फोडी, सफरचंद बारीक. जिरेपूड, मिरपूड, आणि नव्या मिठाची चिमूट. हलवून दिलं. यांनी पहिला घास घेतला आणि थांबले. मला वाटलं, झालं, ओकतायत. तर म्हणाले, "ह्याच्यात काय घातलंस गं?" सगळी वाटी संपवली. तळाला राहिलेलं पाणी बोटानं चाटलं. आत्या दारातून बघत होत्या. "फळांचा काला केला व्हय," म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून वळल्या.

किती दिवसांनी मला भूक लागली.

१० डिसें., मंगळ.
पो. ५.८. उतरलं! डॉक्टर म्हणाले, असंच ठेवा.

११ डिसें., बुध.
वरणात तेच मीठ, भाजीत तेच, भाकरीच्या पिठात तेच. कमी सोडियमचं आहे, मग चवीपुरतं घालायला काय हरकत. सकाळी दीड भाकरी खाल्ली यांनी. चारला वाटी. वाटीची वाट बघतात, घड्याळाकडं बघून. आज मी बोराची एक फोड वर ठेवली, नुसती रंगाला, आणि काढून घेतली. ते म्हणाले, "दावून घेतीस व्हय?" आणि हसले. आम्ही दोघं हसलो! लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली, फोडीवरून एवढं कधी हसलो नसू.

१२ डिसें., गुरु.
दुसरा गुरुवार. आरती झाली की पाची फळं उचलून मी कपाटात ठेवली आणि कुलूप घातलं. किल्ली कमरेला. आत्या काही बोलल्या नाहीत. मंदा हळदीकुंकवाला आली होती, तिला फळ द्यायला कुलूप काढावं लागलं. तिनं बघितलं. बघू दे.

नंतर यांना विचारलं, "आज काय दिलं का आत्यांनी?" आधी न्हाई म्हणाले. मग म्हणाले, "सकाळच्याला चिकूची एक फोड. कुणीतरी आणल्याली. तिचं बी मन ऱ्हातं."
तिचं मन! आणि माझं?

१३ डिसें., शुक्र.
पो. ६.६.
डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? मी म्हटलं, तुमच्या कागदाबाहेर काही नाही. हे छताकडं बघत पडलेले.

 घरात पाऊल टाकलं आणि मी आत्यांवर तुटून पडले. काय काय बोलले ते लिहवत नाही. एवढंच लिहिते की "पोराला मारायला निघालाय" असं म्हणाले. सत्तर वर्षांची बाई, भिंतीला टेकून उभी. म्हणाली, "दोन येळंला दिलं. घास घासभर. देवाशपथ दोनच येळंला."
मला खरं वाटलं नाही.

१६ डिसें., सोम. / दौंड, दवाखाना
सकाळी हे उठायला गेले तर पाय उचलेनात. "पायात वाळू भरल्यागत झालंय." नाडी बघितली, फार हळू. दहा वाजता गाडी काढली. काष्टीच्या पुढं ट्रॉल्यांची रांग, गाडी पुढं सरकेना. मी हॉर्न वाजव, हॉर्न वाजव म्हणून ड्रायव्हरच्या मागं ओरडत होते. हे माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडलेले, खिडकीतून एक ट्रॉली बघून पुटपुटले, "साडेबारा टनाच्या वर भरलीय. मोडंल." मी म्हटलं, गप पडा. मला वाटलं हे शेवटचं बोलणं.

पो. ७.४. छातीची पट्टी (ईसीजी) काढली, डॉक्टर पट्टी बघून पळतच सिस्टरकडं गेले. इंजेक्शन, सलाइन, साखर नसलेल्या माणसाला इन्सुलिन. मग मशीन. मला बाहेर बसवलं. दुपारभर बसले. हात जोडून बसले होते का नुसते धरून, आठवत नाही.

डॉक्टर बाहेर आले. वाचले, म्हणाले. आणि मग, "घरात कोण देतंय यांना काय?" व्हरांड्यात दहा-बारा माणसं होती, गावातले दोघं होते. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "सासूबाई. प्रसाद म्हणून केळी चारतात."

१८ डिसें., बुध.
घरी आणलं. आत्या उंबऱ्यापर्यंत आल्या, लेकाकडं बघितलं, परत गेल्या. गावभर झालंय. पाण्यावर दोघी म्हणाल्या म्हणे, म्हातारीनं लेकाला विष घातलं. मंदानं येऊन सांगितलं. मी म्हटलं, लोकांना काय, जीभ आहे म्हणून बोलतात. पण ती जीभ मीच पुरवली.

१९ डिसें., गुरु.
तिसरा गुरुवार. मांडणी करायला बसले तर आत्यांनी पदरातून पाच सुपाऱ्या काढून दिल्या. "फळं नगं मांडू. ह्याच ठेव." फळांच्या जागी पाच सुपाऱ्या ठेवल्या. आरतीला त्या मागं उभ्या राहिल्या, यांच्या खोलीत गेल्या नाहीत. स्वतःही फळ खात नाहीत सोमवारपासून. काल कुणी पेरू आणले, तर म्हणाल्या, "मला दात न्हाईत." दात आहेत.

२० डिसें., शुक्र.
कसं लिहू.

दौंडला मॅडम विचारत होत्या, वाटीत काय काय घालता. मी हुशारीनं सांगितलं, पेरू इतका, पपई इतकी, जिरेपूड, मिरपूड, चिमूटभर मीठ.
"मीठ कुठलं, ताई?"
मी पर्समधून पाकीटच काढलं. दाखवायला मुद्दाम नेलं होतं, इतर पेशंटच्या बायकांना पण सांगा म्हणणार होते. मॅडमनी ते उलटं केलं आणि बोट ठेवलं. बारीक अक्षरात: किडनीच्या रुग्णांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वापरू नये.
"सोडियम काढून यात पोटॅशियम घालतात. किती दिवस चाललंय?"
"नऊ तारखेपासून."
"फक्त फळांवर?"
"सगळ्यात."
मॅडमनी पाकीट मिटून माझ्या हातात दिलं. मग हळूच म्हणाल्या, "होतं असं. पुष्कळ घरांत होतं." मी विचारलं, मग ते केळं? चिकू? "तेही नकोच. पण दोन फोडींनी साडेसातपर्यंत नाही जात हो."

पाकीट उलटं करून वाचा. बारा वर्षं सांगतेय मी बायकांना. बारा वर्षं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी दिली. चोर मीच. आणि माझे सुखाचे ते चार दिवस, दीड भाकरी, वाटी चाटणं, हसणं, सगळं त्या मिठाचं. मी त्यांना हसत हसत मारत होते.

२१ डिसें., शनि.
यांना सांगितलं. मला वाटलं चिडतील. म्हणाले, "तरीच म्हटलं, एवढी चव कुठनं आली." मग म्हणाले, "आईला सांगू नगं."
"का?"
"तिला कळलं तर ती तुझ्या हातचं मला खाऊ द्यायची न्हाई. समदं आपल्याच हातानं करंल. मंग मी कशाचा जगतोय?"
मला एक क्षण बरं वाटलं. देवा, बरं वाटलं मला. त्याचीच सगळ्यात लाज वाटते.

२३ डिसें., सोम.
आज तीनदा आत्यांपुढं जाऊन उभी राहिले. एकदा चहा दिला. एकदा विचारलं, पाय दुखतायत का. एकदा नुसतीच. त्या म्हणाल्या, "काय गं, काय सांडलं का?"
वाटीत आता मीठ नाही, लिंबाचे दोन थेंब टाकते. हे अर्धी ठेवतात. वजन पन्नास.

२४ डिसें., मंगळ.
पो. ५.३. महिन्यातलं सगळ्यात कमी. डॉक्टर म्हणाले, शाबास. मॅडम माझ्याकडं बघत होत्या, मी खाली बघितलं. आत्यांना घरी येऊन आकडा सांगितला तर म्हणाल्या, "बरं झालं. मी दिलं न्हाई न्हवं. म्हून उतरलं."
झोप नाही. जेवण नाही. हे असं चालायचं नाही.

२५ डिसें., बुध.
सांगितलं.

सकाळी त्या ओट्यावर शेंगा फोडत होत्या. मी समोर बसले, पाकीट खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. मीठ मी आणलं, मी घातलं, पोटॅशियम त्यातलं चढलं, दवाखान्यात मी तुमचं नाव घेतलं ते खोटं ठरलं. पाया पडले. वाटलं, आता शिव्या देतील. द्याव्यात असं वाटत होतं.

त्यांनी पाकिटाकडं बघितलंही नाही. म्हणाल्या, "म्हंजी परसादानं न्हाई झालं?"
"नाही."
"माझ्या हातानं न्हाई झालं?"
"नाही, आत्या."
"थोडंबी न्हाई?"

इथं मी थांबायला हवं होतं. थोडं झालं असणार. तेही नकोच, असं मॅडम म्हणाल्या होत्या. पण त्यांचे डोळे बघवेनात. आठ दिवस लेकाच्या खोलीत पाय टाकला नाही त्या बाईनं. मी म्हटलं, "थोडंसुद्धा नाही."

मग त्या रडायला लागल्या. मोठ्यानं, शेंगांच्या टोपलीवर वाकून. माझ्यावर राग नाही, काही नाही. मी काय केलं हे त्यांना जणू ऐकूच आलं नाही. उठल्या त्या थेट यांच्या खोलीत, लेकाचं डोकं छातीशी धरून म्हणाल्या, "बघ, देवीचं न्हवतंच ते. मी म्हटलं हुतं." हे त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत होते.

दुपारी आत्या गल्लीत चार घरी जाऊन आल्या. माझं नाव घेतलं का माहीत नाही. घेतलं असेल तर योग्यच आहे.

२६ डिसें., गुरु.
शेवटचा गुरुवार. उद्यापन. सवाष्णी साडेसहाला येतील.

आत्या सकाळीच न सांगता जाऊन फळं घेऊन आल्या. केळं, संत्रं, चिकू, डाळिंब, सीताफळ. पाची काट मारलेली. लुगडं नवं नेसल्या. पाटाभोवती रांगोळी त्यांनीच काढली. घरात किती दिवसांनी कुणी गुणगुणत होतं.

यांना आज उठून बसावंसं वाटलं. लोडाला टेकून पाटासमोर बसवलं. सकाळपासून भाकरीचा तुकडा न् पाव वाटी फळं, एवढंच पोटात. आरती आत्ता झाली. आत्यांनी केळं सोललं, सुरीनं एक फोड केली, आणि हात पुढं केला तो मधेच थांबवला. माझ्याकडं वळल्या. आजवर मला कधी काही विचारलं नाही या बाईनं, ना सून म्हणून ना शिकलेली बाई म्हणून.
"एकच देऊ न्हवं गं? तू म्हणशील तर देते."

उद्या दौंड आहे, मशीन आहे. एका फोडीनं काय होतंय, असं मनात आलं. मग ती गाडी आली डोळ्यापुढं, माझ्या मांडीवरचं डोकं. नाही म्हणायचं तर का नाही ते सांगावं लागेल, म्हणजे काल मी खोटं बोलले ते सांगावं लागेल. हो म्हणायचं तर

म्हटलं, आले, हात पुसून येते. आणि इथं आत येऊन हे लिहितेय. हात कोरडेच आहेत.   हे नुसते फोडीकडं बघत होते.

आत्या पुन्हा हाक मारतायत.